बुद्धिमापन : आकडा आणि त्यामागील तुलना

एखाद्या मुलाचा बुद्धिगुणांक ६८ आहे असे सांगितले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा उंचीची किंवा वजनाची कल्पना असते. बत्तीस किलो वजनाचे मूल नागपुरातही बत्तीस किलोचे असते आणि रायपुरातही. पन्नास वर्षांपूर्वीचा तराजू नीट असेल तर तोही तेवढेच वजन दाखवील. बुद्धिगुणांकाचे तसे नाही. तो आकडा म्हणजे त्या मुलाची दुसऱ्या काही मुलांशी केलेली तुलना असते. ती दुसरी मुले कोण होती, कोठली होती, कोणती भाषा बोलत होती आणि केव्हा तपासली गेली होती, हे कळल्याखेरीज आकड्याचा अर्थ पुरता लागत नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट आरंभीच शिकविली जाते. प्रमाणपत्र देणाऱ्या कचेरीच्या टेबलापर्यंत पोहोचेतो मात्र ती पुष्कळदा वाटेतच गळून पडते.

या दृष्टीने रायपूर शहराचे उदाहरण घेण्यासारखे आहे. छत्तीसगडचा हा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरच्या भोसल्यांच्या अमलाखाली आला. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाल्यानंतर रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चाले. तो संबंध १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तुटला. पुढे २००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. येथील मुलाच्या कानावर घरी छत्तीसगढी, मराठी, उडिया किंवा सिंधी पडते, शाळेत हिंदी व इंग्रजी. अशा मुलाची बुद्धी मोजण्याची वेळ येते तेव्हा मानसशास्त्रज्ञाच्या कपाटात ज्या जुन्या भारतीय कसोट्या हमखास आढळतात, त्यांपैकी एकीचा जन्म कन्नड-मराठी सीमाभागात झाला आणि दुसरीचा नागपुरात. त्या दोहोंचा इतिहास पाहिला म्हणजे बुद्धिमापनाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा दोन्ही एकदम दिसू लागतात.

बुद्धी म्हणजे काय, या प्रश्नाचे एकच उत्तर मानसशास्त्राने कधी दिलेले नाही. १९२१ साली एका अमेरिकन शैक्षणिक नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना हा प्रश्न विचारला, तेव्हा जवळजवळ जितके लेखक तितक्या व्याख्या पुढे आल्या. कोणी अमूर्त विचार करण्याच्या शक्तीला बुद्धी म्हटले, कोणी नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या शक्तीला, तर कोणी शिकण्याच्या शक्तीला. दोन वर्षांनी एडविन बोरिंग यांनी या वादावर असा तोडगा सुचविला की, बुद्धीच्या कसोट्या जे मोजतात तीच तूर्त बुद्धी मानावी. या तोडग्याची पुढे पुष्कळ थट्टा झाली. तथापि त्यात एक प्रांजळपणा होता, हे मान्य केले पाहिजे. मराठी बोलणाऱ्या माणसाला खरे तर हा गोंधळ नवा वाटू नये. हुशार, शहाणा, चतुर, तल्लख, समंजस, पोक्त हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरीत नाही. परीक्षेत पहिला येणारा मुलगा हुशार असतो. शहाणा असतोच असे नाही. घरी आलेल्या पाहुण्याला न सांगता पाण्याचा तांब्या आणून देणाऱ्या मुलीला आजी शहाणी म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर गणिताचे गुण नसतात. पाश्चात्त्य कसोट्यांनी या सर्व शब्दांपैकी प्रामुख्याने ‘हुशार’ आणि ‘तल्लख’ यांचे क्षेत्र उचलले. शाळेच्या गरजेतून त्या जन्मल्या, हे त्याचे कारण.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि वर्गात सर्व प्रकारची मुले येऊ लागली. त्यांपैकी कोणाला विशेष शिक्षणाची गरज आहे हे ठरवावे कसे, या प्रश्नाच्या अनुषंगाने आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची पहिली श्रेणी तयार केली. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी दृष्टीची तीक्ष्णता, प्रतिक्रियेचा वेग, मुठीची पकड यांसारख्या गोष्टी मोजून पाहिल्या होत्या. त्यांतून मुलाच्या समजशक्तीचा पत्ता लागला नाही. बिने यांनी वाट बदलली. त्यांनी मुलांना रोजच्या व्यवहारातील समजुतीचे प्रश्न विचारले : चित्रात काय दिसते ते सांगणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वस्तूंतील फरक ओळखणे, वाक्यातील विसंगती पकडणे. १९०८ च्या आवृत्तीत त्यांनी हे प्रश्न वयानुसार लावले आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना रूढ झाली. सात वर्षांची बहुसंख्य मुले जो प्रश्न सोडवितात आणि सहा वर्षांच्या बहुसंख्य मुलांना जो जमत नाही, तो सातव्या वर्षाचा प्रश्न. त्याला सातव्या वर्षात बसविणारी गोष्ट ही की, त्या ठिकाणच्या, त्या वेळच्या सात वर्षांच्या मुलांना तो जमला. सारी मेख येथे आहे.

बिने स्वतः या आकड्याविषयी फार सावध होते. बुद्धी हे जन्मतः ठरलेले व वाढू न शकणारे माप आहे, या मताचा त्यांनी १९०९ साली उघड निषेध केला आणि मंद मुलांसाठी अवधान व स्मृती यांचे व्यायाम सुचविले. १९११ साली त्यांचा अकाली मृत्यू झाला. कसोटी अटलांटिकपार गेली तेव्हा ही सावधगिरी तिच्याबरोबर गेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत तो भागाकार शंभराने गुणून बुद्धिगुणांक प्रचारात आणला. हिशेब सोपा आहे. समजा, एक मूल आठ वर्षे चार महिन्यांचे, म्हणजे शंभर महिन्यांचे आहे. सहाव्या वर्षापर्यंतचे सर्व प्रश्न त्याने सोडविले. सातव्या वर्षाच्या सहांपैकी चार, आठव्याच्या सहांपैकी दोन सोडविले, नवव्याचा एकही नाही. प्रत्येक प्रश्नाला दोन महिने धरले, तर सहा वर्षे अधिक आठ महिने अधिक चार महिने, मिळून सात वर्षे, म्हणजे ८४ महिने मानसिक वय होते. ८४ भागिले १००, गुणिले १००, बुद्धिगुणांक ८४. हा हिशेब प्रौढांना लावता येत नाही, कारण वय वाढतच राहते आणि प्रश्न सोडविण्याची शक्ती काही प्रत्येक वर्षी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून वेगळी रीत अवलंबिली : त्याच वयोगटाची सरासरी १०० धरावी, प्रमाण विचलन १५ धरावे आणि व्यक्ती सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावे. या रीतीने सुमारे दोन-तृतीयांश माणसे ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात आणि शेकडा दोनच्या आसपास माणसे ७० च्या खाली. भागाकार गेला, नाव मात्र गुणांक असेच राहिले.

आता भारतात येऊ. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातील हर्बर्ट राइस यांनी १९२२ च्या सुमारास हिंदुस्थानीतील पहिली श्रेणी बांधली. परंतु मराठी वाचकाला अधिक जवळचे नाव आहे ते डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. त्यांनी टर्मन यांच्या श्रेणीची कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी सुधारित आवृत्ती तयार केली. तिचा वृत्तांत १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. ‘मुंबई-कर्नाटक आवृत्ती’ असे त्या श्रेणीला म्हणत. आज ती बिने-कामत कसोटी या नावाने ओळखली जाते व देशातील अनेक रुग्णालयांत अद्याप वापरली जाते.

अशा कामाला भाषांतर म्हणणे अपुरे आहे. कॅलिफोर्नियातील सहा वर्षांच्या मुलाला सोपा असणारा प्रश्न बेळगाव-धारवाडकडील मुलाला आठव्या वर्षी सोपा वाटू शकतो आणि याच्या उलटही घडू शकते. शब्दाला प्रतिशब्द दिला तरी त्याची अवघडता बदलते : एका भाषेतील रोजचा शब्द दुसरीत पुस्तकी होऊन बसतो. नाण्यांची मोड करण्याचा प्रश्न घ्यावा तर सेंटांच्या जागी आणे-पै आणावे लागतात. आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली म्हणजे आणे-पैचा तो प्रश्नही मुलांच्या व्यवहारातून उठतो. म्हणून प्रत्येक प्रश्न स्थानिक मुलांना विचारून पाहावा लागतो, त्याचे वर्ष नव्याने ठरवावे लागते, काही प्रश्न टाकून द्यावे लागतात. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. श्रमाचे आणि कीर्ती न देणारे असे हे काम आहे.

दुसरे काम नागपूरचे. तेथे डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर केले; १९६९ साली ते प्रसिद्ध झाले. सहा ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या श्रेणीत अकरा उपकसोट्या आहेत. सामान्य माहिती, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह व अंकस्मरण या सहा शाब्दिक. चित्रपूर्ती, ठोकळ्यांची रचना, वस्तू जुळविणे, सांकेतिक लेखन व भूलभुलैया या पाच कृतिप्रधान. शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन स्वतंत्र गुणांक त्यातून मिळतात, ही तिची विशेष उपयुक्तता. मूल बोलण्यात मागे व हातात पुढे असेल तर तो फरक कागदावर उमटतो. भाषेचा अडसर टाळण्याच्या याच हेतूने उत्तर प्रदेशात चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली केवळ कृतींची मालिका प्रसिद्ध केली होती, तर बडोद्यात प्रमिला फाटक यांनी मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याच्या विकासाचा अंदाज घेण्याची पद्धत भारतीय मुलांसाठी बसविली.

परंतु चित्रे आणि ठोकळे भाषामुक्त असले तरी अनुभवमुक्त नसतात. रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. झांबियातील व इंग्लंडमधील मुलांना एकच आकृती वेगवेगळ्या साधनांनी उतरवायला सांगितली. कागद-पेन्सिलीने इंग्रज मुले सरस ठरली. तार वाकवून तीच आकृती करायची म्हटल्यावर झांबियाची मुले पुढे गेली, कारण तारेची खेळणी करणे हा त्यांचा रोजचा उद्योग होता. आपल्याकडील बाजारातही असेच काही आढळते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी २०२५ साली प्रसिद्ध केला. भाव, वजन आणि सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी ही मुले पाठ्यपुस्तकी पद्धतीने लिहिलेल्या साध्या गणितांत अडखळत होती. उलट शाळकरी मुलांना कागदावरची गणिते येत, पण बाजारी हिशेब जमत नसे. यांतल्या कोणत्या मुलाची अंकगणिती बुद्धी मोठी, हे कोणते प्रश्न निवडले यावर ठरेल.

शितावरून भाताची परीक्षा होते, अशी आपली म्हण आहे आणि प्रत्येक कसोटीचे तत्त्व नेमके तेच असते : थोड्या उत्तरांवरून साऱ्या बुद्धीचा अंदाज. पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच एक शीत पुरते, हे स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते. रायपूरच्या आसपासच्या खेड्यातून आलेले सात वर्षांचे मूल टोमॅटोच्या चित्राला ‘पताल’ म्हणते आणि शेळीला ‘छेरी’. ते शब्द छत्तीसगढीत अचूक आहेत. हिंदी उत्तरांची यादी पुढे ठेवून गुण देणाऱ्या, बाहेरून आलेल्या परीक्षकाला मात्र पहिला शब्द ऐकून मूल पाताळाविषयी बोलते आहे की काय असे वाटावे. पूर्व विदर्भातील परीक्षक असेल तर तो कदाचित हसून समजून घेईल, कारण त्याच्या गावीही टोमॅटोला ‘भेदर’ म्हणतात आणि पुण्याच्या शिक्षकाला तो शब्द कळत नाही. रायपुरातील मराठी घरच्या मुलाचा शब्दसंग्रहही असाच विखुरलेला असतो : स्वयंपाकघरातले शब्द मराठी, शाळेतले हिंदी, मैदानातले छत्तीसगढी. एकाच भाषेत शब्दार्थ विचारले तर त्याच्या भांडाराचा एकच कप्पा उघडला जातो. अशा वेळी आकडा खाली येतो.

याच्या उलट दिशेने ओढणारी एक चूक आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मध्ये दाखवून दिले की, औद्योगिक देशांत पिढ्यान्‌पिढ्या कसोट्यांवरील गुण वाढत गेले आहेत; अमेरिकेत दर दशकात सुमारे तीन गुण. शिक्षण, आहार, लहान कुटुंबे, चित्रे व चिन्हे यांनी भरलेले भोवताल अशी अनेक कारणे दिली जातात. कारण कोणतेही असो, परिणाम असा की जुन्या प्रमाणकांशी तुलना केली म्हणजे आजचे मूल आहे त्यापेक्षा वरचे दिसते. भारतात वाढीचा वेग अमेरिकेच्या निम्मा धरला, तरी पन्नास वर्षांत सात-आठ गुणांचा फरक पडेल. म्हणजे आजच्या समवयस्कांच्या तुलनेत ज्याचा गुणांक ६६ यावा, त्याला १९६९ च्या मुलांशी ताडून पाहिले तर ७३ किंवा ७४ मिळेल आणि साहाय्याची खरी गरज असलेले ते मूल रेषेच्या वर जाऊन बसेल. भाषेची चूक खाली ओढते, जुन्या प्रमाणकांची चूक वर ढकलते. दोन्ही एकाच मुलाच्या बाबतीत घडू शकतात आणि त्या एकमेकींना नेमक्या खोडून काढतील अशी आशा धरण्यास आधार नाही. शिवाय उत्तम कसोटीतही चार-पाच गुणांचा चढउतार गृहीत धरावाच लागतो.

कसोट्या जे मोजतात त्याचे स्पष्टीकरण काय? १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांना असे दिसले की, एका विषयात वर असणारी मुले सामान्यतः इतर विषयांतही वर असतात. या परस्परसंबंधांच्या मुळाशी एक सामान्य घटक असला पाहिजे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. हा संबंध पुढील शंभर वर्षांत वारंवार आढळला आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या अर्थाबद्दल. थर्स्टन यांनी १९३८ साली एकाऐवजी सात मूलभूत क्षमता मानल्या. गिलफर्ड यांनी तर १९६७ च्या प्रतिमानात १२० घटक कल्पिले. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी जे काम केले, त्यात गिलफर्ड यांच्या या प्रतिमानावर आधारलेल्या मराठी कसोट्या रचल्या गेल्या. रेमंड कॅटेल यांनी नवे प्रश्न सोडविणारी प्रवाही बुद्धी आणि शिक्षण-संस्कारांतून साठलेली घनीभूत बुद्धी असा भेद केला, तो बराच टिकला. हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ ची बहुविध बुद्धीची उपपत्ती शिक्षकांत फार लोकप्रिय झाली, परंतु मापनाच्या पुराव्याने तिला तितका आधार मिळाला नाही. रायपूरला शेजारच्या असलेल्या ओडिशातून पुढे कॅनडात गेलेले जगन्नाथप्रसाद दास यांनी, रशियन शास्त्रज्ञ लुरिया यांच्या मेंदूविषयक अभ्यासाचा आधार घेऊन, वेगळाच प्रश्न विचारला. मुलाजवळ बुद्धी किती आहे, याऐवजी ते विचार कसे करते? नियोजन, अवधान, समकालिक प्रक्रियण व अनुक्रमिक प्रक्रियण अशी चार अंगे त्यांनी मानली. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला कोठे मदत करावी, हे एका गुणांकापेक्षा अशा विश्लेषणातून अधिक कळते.

आनुवंशिकतेचा प्रश्न येथे टाळता येणार नाही, कारण त्याच्या नावाखाली पुष्कळ अनिष्ट लिहिले गेले आहे. एका समाजातील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. त्यावरून दोन समाजांतील फरकही जन्मजात आहे असे अनुमान काढणे ही तर्कदृष्ट्या चूक आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली हा मुद्दा बियाण्याच्या दाखल्याने समजावून दिला होता. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला तो सहज पटेल. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे अर्धे कन्हार जमिनीत आणि अर्धे भाठ्यावर पेरले, तर प्रत्येक शेतात रोपारोपांत दिसणारा फरक बियाण्याचा असेल. दोन शेतांच्या सरासरीतला फरक मात्र सर्वस्वी मातीचा. मुलांच्या बाबतीत माती म्हणजे गर्भावस्थेतील आयोडिनाचा पुरवठा, अन्न, शिशाचे प्रदूषण, शाळा आणि घरात बोलली जाणारी वाक्ये. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी तर शासनाच्या हातच्या आहेत.

आकड्याला कायद्याचे बळ मिळाले की त्याची चूक महाग पडू लागते. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली २००१ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बुद्धिगुणांक ५० ते ६९ म्हणजे ५० टक्के अपंगत्व असे कोष्टक होते. ६९ ला प्रमाणपत्र व त्याबरोबरच्या सवलती. ७० ला काही नाही. २०१६ च्या कायद्याने व्याख्या बदलली. बौद्धिक कार्यातील लक्षणीय मर्यादेबरोबरच दैनंदिन जीवनातील समायोजनातही तशी मर्यादा असली पाहिजे, असे तीत म्हटले. त्यानंतरच्या, २०१८ च्या सूचनांत टक्केवारी ठरविण्यासाठी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी पुढे आली. मूळची अमेरिकेतील एडगर डॉल यांची ही श्रेणी भारतीय मुलांसाठी रूपांतरित केली तीही मालिन यांनीच, नागपुरात.

या श्रेणीत ८९ बाबी आहेत आणि त्यांची उत्तरे मुलाला विचारीत नाहीत. जी व्यक्ती त्याला रोज पाहते तिला विचारतात. मूल आपल्या हाताने जेवते काय, कपडे घालते काय, आसपासच्या घरी एकटे जाऊन परत येते काय, किरकोळ वस्तू विकत आणते काय. यांपैकी काही बाबीही स्थळकाळावर अवलंबून आहेतच : वर्दळीच्या हमरस्त्यावर राहणारी आई सहा वर्षांच्या मुलाला एकटे सोडणार नाही, तर खेड्यातील त्याच वयाचे मूल शेळ्या चारून आणते. तरीही या प्रश्नांना एक गुण आहे. ते छत्तीसगढीत विचारता येतात, मराठीत विचारता येतात, आणि उत्तर संदिग्ध वाटले तर आईला पुन्हा विचारता येते. जाणता परीक्षक दोन्ही श्रेणी वापरतो आणि अहवालात आकड्याशेजारी चार गोष्टी नोंदवितो : कसोटीचे नाव, तिच्या प्रमाणकांचे वर्ष, कोणत्या भाषेत प्रश्न विचारले, आणि मुलाने कोणत्या भाषेत उत्तरे दिली.